फॅमिली डॉक्टर आणि मानसोपचारतज्ज्ञ: एकाच रुग्णावर एकत्र काम कसं करायचं

नैराश्याचा रुग्ण बहुतेक वेळा 'मला नैराश्य आलंय' असं म्हणत येत नाही. तो अंगदुखी, पित्त, छातीतली धडधड, उडालेली झोप अशा तक्रारी घेऊन येतो, आणि येतो तो फॅमिली डॉक्टरांकडे. तपासण्या नॉर्मल येतात, तक्रार मात्र जात नाही. तीन-चार फेऱ्यांनंतर डॉक्टरांना शंका येते आणि ते मानसोपचारतज्ज्ञांच्या नावाने चिठ्ठी देतात. त्यापुढे बऱ्याचदा काहीच होत नाही. रुग्ण चिठ्ठी घडी करून ठेवतो आणि जातच नाही. गेलाच तर त्याला पहिल्यापासून सगळं सांगावं लागतं, कारण चिठ्ठीत 'कृपया तपासावे' एवढंच लिहिलेलं असतं. तज्ज्ञ गोळ्या सुरू करतात, त्याची खबर फॅमिली डॉक्टरांना मिळत नाही, आणि महिनाभराने ते त्याच माणसाला पाठदुखीसाठी ट्रॅमाडॉल लिहून देतात, जे वेदनाशामक या गोळ्यांसोबत धोक्याचं ठरू शकतं.

यात दोघांचंही ज्ञान कमी पडत नाही. दोन भेटींच्या मधल्या काळात हा रुग्ण कुणाच्या हातात आहे, हे मात्र ठरलेलं नसतं. म्हणून पुढे जे जे काम येईल त्याला एक नाव आणि एक तारीख लागलेली हवी. या लेखातल्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

अशा एकत्रित पद्धतीचा उपयोग होतो याला भक्कम पुरावा आहे. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या 'इम्पॅक्ट' या अमेरिकी अभ्यासात साठीपुढच्या १,८०१ रुग्णांना घेतलं होतं. त्यांतल्या निम्म्यांच्या उपचारात फॅमिली डॉक्टर, पाठपुरावा करणारा एक प्रशिक्षित समन्वयक आणि मागून सल्ला देणारे मानसोपचारतज्ज्ञ अशी साखळी होती. वर्षाअखेर या गटातल्या सुमारे ४५ टक्के लोकांची लक्षणं निम्म्याने किंवा त्याहून जास्त कमी झाली. नेहमीच्या उपचारांच्या गटात हे प्रमाण १९ टक्के होतं. गोव्यातला 'मानस' हा अभ्यास २०१० साली आला. त्यात समन्वयकाचं काम वैद्यकीय पदवी नसलेल्या, पण नीट प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी केलं. सरकारी केंद्रांत त्याचा फायदा स्पष्ट दिसला, खासगी दवाखान्यांत तसा दिसला नाही. म्हणजे समन्वयक डॉक्टरच असायला हवा असं नाही, आणि प्रत्येक ठिकाणी सारखाच फरक पडेल असंही नाही. आपल्या जागी काय होतंय हे मोजावं लागतं.

पहिली पायरी: कुणी काय सांभाळायचं हे आधीच लिहून ठेवा

दोन्ही बाजूंनी एकदा तासभर बसून एक पानाचा करार करावा. कायद्याच्या भाषेची गरज नाही, साध्या वाक्यांत लिहिला तरी पुरे.

सौम्य ते मध्यम नैराश्य, चिंताविकार, घबराटीचे झटके आणि झोपेच्या तक्रारी फॅमिली डॉक्टर स्वतः हाताळू शकतात. अडलं तर फोनवर सल्ला घ्यावा. दोन वेगवेगळी औषधं पुरेशा डोसमध्ये, पुरेसे आठवडे देऊनही फरक पडत नसेल, बायपोलरची (नैराश्य आणि उन्माद अशी दोन्ही टोकं गाठणाऱ्या आजाराची) शंका असेल, गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर आजार तीव्र असेल, रुग्ण लहान मूल किंवा किशोरवयीन असेल, खाण्याचे विकार असतील, किंवा निदानाबद्दलच मनात किंतु असेल, तर तज्ज्ञांकडे पाठवावं. ही भेट दोन-तीन आठवड्यांत झाली तरी चालते. आत्महत्येची ठरलेली योजना, भास-भ्रम, उन्मादाची अवस्था, खाणंपिणं पूर्ण सोडलेला किंवा दगडासारखा निश्चल झालेला रुग्ण आणि बाळंतपणानंतर अचानक भ्रमिष्ट झालेली स्त्री, यांना त्याच दिवशी पाठवायचं, आणि सोबत माणूस द्यायचा.

या करारात एक उलटा नियमही हवा, कारण तो चुकला तर जीव जातो. वयस्कर माणूस एक-दोन दिवसांत अचानक गोंधळला, वेळ-जागेचं भान सुटलं, संध्याकाळी जास्त आणि सकाळी कमी असं होत राहिलं, तर त्याला मानसोपचाराकडे ढकलू नये. तो बहुधा शरीराचा आजार असतो: लघवीचा किंवा छातीचा संसर्ग, सोडियम उतरणं, साखर घसरणं, लघवी तुंबणं, मेंदूतला रक्तस्राव, नव्याने सुरू केलेलं औषध, किंवा दारू अचानक बंद झाल्याचा परिणाम. आधी शरीर तपासायचं आणि ते काम फॅमिली डॉक्टरांचं किंवा रुग्णालयाच्या तातडीच्या विभागाचं. 'पूर्वी मानसिक आजार होता' ही नोंद फाइलवर दिसली की ही तपासणी घाईत उरकली जाते. ते टाळण्याची जबाबदारी दोघांचीही आहे.

एकत्र काम करण्याच्या रचना तीन प्रकारच्या असतात. एकाच छताखाली दोघे, आठवड्यातल्या ठरलेल्या दिवशी येणारे तज्ज्ञ, किंवा फक्त फोन आणि व्हिडिओवरचा सल्ला. पहिली सोयीची असली तरी ती नसेल म्हणून थांबायचं कारण नाही. एका खोलीशेजारी दुसरी खोली आहे आणि दोन्ही डॉक्टर एकमेकांशी कधी बोलत नाहीत, असंही सर्रास चालतं.

दुसरी पायरी: ओळखा, मोजा आणि शरीराची कारणं बाजूला काढा

पीएचक्यू-२ ही नैराश्यासाठीची दोन प्रश्नांची चाळणी आहे: गेल्या दोन आठवड्यांत कामात रस किंवा आनंद वाटेनासा झालाय का, आणि मन उदास, निराश असतं का. गुण ० ते ६. तीन किंवा जास्त आले तर नऊ प्रश्नांची पीएचक्यू-९ भरून घ्यायची. तिचे गुण ० ते २७: पाचपासून सौम्य, दहापासून मध्यम, पंधरापासून मध्यम-तीव्र, वीसपासून तीव्र. चिंतेसाठी जीएडी-७ वापरतात, गुण ० ते २१, आणि दहापासून पुढे लक्ष घालायचं. या प्रश्नावल्या निदान करत नाहीत. नुकत्याच झालेल्या मृत्यूचा शोक, थायरॉइडचा आजार किंवा अपुरी झोप यांनीही गुण चढतात. त्यांचा खरा उपयोग महिन्याभरानंतर कळतो, कारण तेव्हा 'बरं वाटतंय का' या प्रश्नाऐवजी आकड्याशी आकडा ताडून पाहता येतो.

दोन गोष्टी नेहमी निसटतात. पीएचक्यू-९ चा नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. कर्मचारी बेरीज करून कागद फाइलला लावतात आणि एकूण गुण ८ असल्यामुळे कुणी पुढे बघत नाही. नवव्या प्रश्नाला शून्याव्यतिरिक्त काहीही उत्तर असेल तर बेरीज बाजूला ठेवायची आणि रुग्ण दवाखान्यातून बाहेर पडण्याआधी डॉक्टरांनी त्याच्याशी बोलायचं. दुसरी गोष्ट बायपोलरची. नैराश्याची गोळी लिहिण्यापूर्वी एक प्रश्न विचारलाच पाहिजे: 'असे काही दिवस कधी आले होते का, की झोप अगदी कमी झाली तरी थकवा नव्हता, विचार भरधाव धावत होते, बोलणं वाढलं होतं, खर्च किंवा धाडस नेहमीपेक्षा वेगळं होतं, आणि घरच्यांनाही ते जाणवलं होतं?' रुग्णाला ते दिवस आजारपण वाटत नाहीत, म्हणून शक्य असेल तर घरच्या माणसालाही विचारावं. उत्तर हो आलं तर एकट्याने नैराश्यविरोधी गोळी सुरू करू नये. त्याने उन्माद उसळू शकतो. आधी तज्ज्ञांना फोन करावा.

शरीराच्या बाजूने किमान हिमोग्लोबिन, टीएसएच (थायरॉइडची तपासणी), बी-१२, साखर, किडनीची तपासणी आणि वयस्करांत सोडियम पाहावं. चालू औषधांची यादी डोळ्यांखालून घालावी. स्टिरॉइड आणि फिट्सच्या काही औषधांनी, विशेषतः लेव्हेटिरासिटॅमने, मनःस्थिती बिघडू शकते. दारू आणि इतर व्यसनांबद्दल 'घेता का' असं न विचारता 'आठवड्यातून किती वेळा, एका वेळी किती' असं विचारावं.

आणि पुढे काय करायचं हे ठरलेलं नसेल तर सरसकट चाळणी सुरूच करू नये. प्रश्नावली भरून घेऊन काहीही न करणं हे रुग्णाला 'तुमचं दुःख आम्ही वाचलं आणि बाजूला ठेवलं' असं सांगण्यासारखं आहे.

तिसरी पायरी: रुग्णाला सांगायचं कसं

इथे घाई झाली की चिठ्ठी फुकट जाते. 'तुमचे रिपोर्ट नॉर्मल आहेत, आता मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा' या वाक्याचा अर्थ रुग्ण दोन प्रकारे लावतो: एक तर मी नाटक करतोय असं डॉक्टरांना वाटतं, नाहीतर मी वेडा झालोय. यांपैकी कोणताही अर्थ लावणारा माणूस परत येत नाही.

क्रम असा ठेवावा. आधी त्रास खरा आहे हे मान्य करायचं: 'तुमचं डोकं खरंच दुखतं, ते मला दिसतंय.' मग जोड दाखवायची: 'सतत ताण राहिला, झोप मोडली की स्नायू आखडतात आणि वेदना जास्त जाणवते.' मग तज्ज्ञांचं नाव घेऊन काम सांगायचं: 'या बाबतीत मी ज्यांचा सल्ला घेतो त्या डॉक्टर आहेत, त्या तुमच्याशी अर्धा-पाऊण तास बोलतील.' आणि शेवटी सर्वांत महत्त्वाचं: 'तुमचा डॉक्टर मीच आहे. त्यांना भेटून झाल्यावर अमुक तारखेला तुम्ही मला भेटायचं आहे.' ही तारीख तिथल्या तिथे लिहून द्यावी. सोडून दिलं ही भावना या एका तारखेने बरीच कमी होते.

जमत असेल तेव्हा रुग्णासमोरच तज्ज्ञांना किंवा समन्वयकाला फोन लावून दोन मिनिटं ओळख करून द्यावी. आवाज ओळखीचा झाला की माणूस जायला तयार होतो.

माहिती देण्याघेण्याची परवानगीही याच वेळी घ्यावी, आणि ती नेमकी असावी: तज्ज्ञांना काय कळवलं तर चालेल, काय नको, आणि घरच्यांपैकी कुणाशी बोलायचं. समुपदेशनाच्या सत्रांत निघालेला तपशील फॅमिली डॉक्टरांना लागत नाही. निदान, धोका, औषधं आणि पुढची दिशा एवढं पुरतं. हे रुग्णाला आधीच सांगितलं तर तो मोकळेपणाने बोलतो. जिवाला धोका दिसला तर मात्र गुप्ततेची मर्यादा ओलांडावी लागेल, तेही त्याला पहिल्याच दिवशी सांगायचं.

चौथी पायरी: पत्र

चांगलं पत्र दहा ओळींत बसतं आणि त्यात एक प्रश्न असतो. प्रश्नच नसेल तर उत्तर काय द्यायचं हे तज्ज्ञांना कळत नाही, मग ते सगळं नव्याने सुरू करतात. नमुना असा:

'स्त्री, ४६ वर्षे. तीन महिने झोप मोडते, थकवा, कामात लक्ष नाही, रडू येतं. पीएचक्यू-९ आज १७. नववा प्रश्न १: "मेले तर बरं" असं अधूनमधून वाटतं, योजना नाही, पूर्वी प्रयत्न नाही. उन्मादाचा इतिहास विचारला, नाही. भावाला बायपोलर आहे. दारू नाही. हायपोथायरॉइड, थायरॉक्सिन ७५ मायक्रोग्रॅम, टीएसएच मागच्या आठवड्यात ३.१. टेल्मिसार्टन ४० मिलिग्रॅम. हिमोग्लोबिन ११.८. सर्ट्रालिन ५० मिलिग्रॅम पाच आठवडे नियमित घेतलं, गुण १९ वरून १७. प्रश्न: भावाचा इतिहास पाहता डोस वाढवावा की दुसरा मार्ग घ्यावा? गोळ्या मी लिहीत राहीन, सल्ला हवा. नवऱ्याशी बोलायला परवानगी आहे. माझी पुढची भेट १४ तारखेला.'

या पत्रात 'नियमित घेतलं' हे शब्द विचारून लिहिलेले हवेत. औषध लागू पडलं नाही असं म्हणतो तेव्हा कित्येकदा ते घेतलेलंच नसतं, किंवा पहिल्या आठवड्यातल्या मळमळीने बंद केलेलं असतं. टेल्मिसार्टनची ओळही सहज म्हणून आलेली नाही. उद्या लिथियमचा, म्हणजे मुख्यतः बायपोलरसाठी दिल्या जाणाऱ्या औषधाचा, विचार झाला तर ती ओळच सावध करेल, कारण टेल्मिसार्टनसारख्या रक्तदाबाच्या गोळ्यांनी लिथियमची रक्तातली पातळी चढते.

तज्ज्ञांचं उत्तर आठवड्याच्या आत यावं. त्यात निदान आणि त्याबद्दलची खात्री किती, औषधाचं नाव, डोस, तो कसा वाढवायचा, कोणत्या लक्षणांवर थांबवायचं, कोणती तपासणी कुणी करायची, आत्ताचा धोका, आणि 'अमुक झालं तर मला परत पाठवा' हे वाक्य हवं. 'औषधं सुरू ठेवा, पुन्हा दाखवा' या उत्तराने फॅमिली डॉक्टर तिथेच राहतात जिथे आधी होते. वरच्या पत्राचं उपयोगी उत्तर असं असेल: 'मध्यम-तीव्र नैराश्य, बायपोलरचा पुरावा आज नाही. सर्ट्रालिन १०० करावं. सलग दोन रात्री झोप नसूनही उत्साह वाटला तर गोळी थांबवून त्याच दिवशी फोन. समुपदेशकांकडे सहा सत्रं लावली आहेत. चार आठवड्यांनी तुम्ही पीएचक्यू-९ घ्यावी; दहाच्या खाली नसेल तर मला पाठवा.'

पाचवी पायरी: औषधांची एकच यादी

दोन डॉक्टर, दोन कागद आणि एकाच औषधाची दोन ब्रँडनावं, इथे सर्वांत जास्त अपघात होतात. झोपेच्या आणि घबराटीच्या गोळ्यांचं तर हमखास: एकाकडून क्लोनाझेपाम, दुसऱ्याकडून अल्प्राझोलाम, आणि दोन्ही रोज. म्हणून नियम असावा की अशा गोळ्या एकच डॉक्टर लिहील, शक्यतो दोन ते चार आठवड्यांपुरत्या, आणि थांबवण्याची तारीख सुरू करतानाच ठरवली जाईल. बरीच वर्षं घेत असलेल्या माणसाच्या गोळ्या एकदम कधीही बंद करू नयेत. फिट येऊ शकते.

प्रत्येक भेटीत रुग्णाने गोळ्यांची पाकिटं सोबत आणावीत. फोटो चालतो. यादीवर मूळ औषधाचं नाव, डोस, कुणी सुरू केलं आणि कशासाठी, हे चार रकाने असावेत.

फॅमिली डॉक्टरांनी लक्षात ठेवायच्या जोड्या फार नाहीत, पण त्या पाठ हव्यात. एसएसआरआय गटातल्या (सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिनसारख्या नैराश्याच्या) गोळ्यांसोबत ट्रॅमाडॉल किंवा लिनेझोलिड हे अँटिबायोटिक दिलं तर सेरोटोनिन सिंड्रोमचा धोका: थरथर, घाम, ताप, स्नायूंचे झटके, गोंधळ. याच गोळ्यांसोबत ॲस्पिरिन किंवा वेदनाशामकं चालू असतील तर पोटातल्या रक्तस्रावाचा धोका वाढतो. टाळता येत नसेल तर जठराला संरक्षण देणारी गोळी जोडावी. वयस्कर माणूस थायझाइड (लघवी वाढवणारी रक्तदाबाची गोळी) घेत असेल आणि एसएसआरआय सुरू झाली, तर दोन ते चार आठवड्यांत सोडियम पाहावं. फ्लुओक्सेटिन आणि पॅरोक्सेटिनमुळे मेटोप्रोलॉल या हृदयाच्या व रक्तदाबाच्या औषधाची रक्तातली पातळी चढते आणि टॅमॉक्सिफेन या स्तनाच्या कर्करोगावरच्या औषधाचा परिणाम घटतो. फिट्स आणि बायपोलरसाठी देतात त्या औषधांपैकी कार्बामाझेपिनमुळे गर्भनिरोधक गोळ्या निकामी ठरू शकतात. त्यांतलंच दुसरं, व्हॅल्प्रोएट, गर्भाला घातक आहे. मूल होण्याच्या वयातल्या स्त्रीला ते चालू असेल तर गर्भनिरोधनाची जबाबदारी कोण घेतंय हे पत्रात लिहिलेलं असावं.

लिथियमचा मुद्दा थोडा वेगळा. उपयोगी आणि घातक पातळी यांतलं अंतर अगदी कमी आहे. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, थायझाइड आणि रक्तदाबाची एसीई किंवा एआरबी गटातली औषधं ही पातळी वाढवतात. जुलाब-उलट्या, कडक ऊन, जेवणातलं मीठ एकदम कमी करणं यानेही तेच होतं. रक्त शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी घ्यायचं. सकाळची गोळी घेऊन लगेच दिलेल्या रक्ताचा आकडा फसवा असतो. हाताची ठळक थरथर, अडखळती चाल, जड बोलणं, उलट्या असं दिसलं तर लिथियम थांबवून त्याच दिवशी पातळी तपासावी. गुडघेदुखीसाठी आलेल्या माणसाला वेदनाशामक लिहिताना हे आठवायला हवं, आणि ते आठवतं फक्त यादी समोर असेल तर.

डोसाबाबत सर्वांत मोठी चूक जास्त देण्याची नसून कमी देऊन थांबण्याची असते. एसएसआरआयचा परिणाम दोन आठवड्यांनी जाणवू लागतो आणि चार ते सहा आठवड्यांत स्पष्ट होतो. तोपर्यंत गुण किमान पाचने उतरले नसतील तर काहीतरी बदललंच पाहिजे: डोस, औषध, किंवा समुपदेशनाची जोड. 'थोडं बरं आहे' म्हणत तीच गोळी वर्षभर चालवणं हा उपचार नव्हे. पंचवीसच्या आतल्या रुग्णांना गोळी सुरू केल्यावर किंवा डोस बदलल्यावर पहिल्या आठवड्यात भेट किंवा फोन हवाच, कारण या काळात अस्वस्थता आणि आत्मघाताचे विचार वाढू शकतात.

सहावी पायरी: यादी आणि आठवड्याची बैठक

हा या पद्धतीचा कणा आहे, आणि नेमका हाच भाग सगळ्यांत आधी सुटतो.

एक वही किंवा साधी स्प्रेडशीट पुरते. रकाने: रुग्णाचा क्रमांक, उपचार सुरू झाल्याची तारीख, पहिला गुण, शेवटचा गुण आणि त्याची तारीख, चालू औषध व डोस, समुपदेशनाची किती सत्रं झाली, धोक्याची खूण, शेवटचा संपर्क, पुढचा संपर्क. शेवटचे दोन रकाने रिकामे दिसता कामा नयेत. ही यादी समन्वयक चालवतो. परिचारिका, समाजसेवक, समुपदेशक यांच्यापैकी कुणीही हे काम करू शकतं. माणूस शांतपणे ऐकणारा आणि न कंटाळता फोन करणारा हवा. उपचार सुरू झाल्यावर पहिला फोन एक ते दोन आठवड्यांत, मग सुधारणा होईपर्यंत दर दोन आठवड्यांनी, नंतर महिन्याने. फोनवर चार गोष्टी विचारायच्या: गोळी रोज घेताय का, त्रास काय होतोय, झोप-जेवण-काम कसं आहे, आणि मरणाचे विचार येतात का.

पूर्णवेळ समन्वयकाकडेही साठ-ऐंशीच्या वर चालू रुग्ण गेले की फोन सुटू लागतात. तेव्हा बरे झालेल्यांना यादीतून रीतसर बाहेर काढावं, नवे घेणं थांबवू नये.

बैठक आठवड्यातून एकदा, एक तास, तज्ज्ञ आणि समन्वयक यांची. फॅमिली डॉक्टर शक्य असेल तेव्हा. यादी पहिल्या नावापासून वाचत जायचं नाही. आधी धोक्याची खूण असलेले, मग आठ-दहा आठवडे होऊनही गुण निम्म्यावर न आलेले, मग महिनाभर संपर्कच न झालेले, आणि वेळ उरला तर नवे. प्रत्येक रुग्णाला पाच-सहा मिनिटं. प्रत्येकाच्या शेवटी एक निर्णय, तो कोण करणार आणि कधीपर्यंत, हे तिथेच लिहायचं. सल्ला फॅमिली डॉक्टरांपर्यंत त्याच दिवशी पोचावा. गोळी लिहिण्याचा शेवटचा निर्णय त्यांचा, कारण रुग्णाला प्रत्यक्ष पाहणारे ते आहेत.

बैठका का मोडतात? तज्ज्ञांच्या या तासाचं मानधन ठरलेलं नसतं, म्हणून तो तास 'वेळ मिळाला तर' या सदरात जातो. दुसरं, कठीण एका रुग्णावर चाळीस मिनिटं चर्चा होते आणि बाकीचे राहतात. अशा रुग्णाची प्रत्यक्ष भेट ठरवावी आणि पुढे सरकावं.

सातवी पायरी: आत्महत्येचा धोका

विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. विचारायचं ते पायरीपायरीने: जगणं नकोसं वाटतं का? स्वतःला संपवावं असं मनात येतं का? कसं, याचा विचार केलाय का? तशी तयारी केली आहे का, कधी ठरवलंय का? पूर्वी कधी प्रयत्न केला होता का? शेवटच्या तीन प्रश्नांपैकी एकालाही हो असेल तर रुग्णाला एकटं सोडायचं नाही, आणि तज्ज्ञांशी बोलल्याशिवाय घरी पाठवायचं नाही.

धोका कमी वाटला तरी सुरक्षेची योजना कागदावर करून द्यावी. बार्बरा स्टॅन्ले आणि ग्रेगरी ब्राउन यांनी मांडलेल्या योजनेत सहा भाग आहेत: संकट जवळ येतंय याच्या खुणा, स्वतः करता येण्यासारख्या गोष्टी, मन दुसरीकडे नेणारी माणसं आणि जागा, मदत मागता येईल अशी जवळची माणसं, डॉक्टर व हेल्पलाइनचे क्रमांक, आणि घर सुरक्षित करणं. ती रुग्णाच्याच शब्दांत लिहावी. शेवटच्या भागाला सर्वांत जास्त वेळ द्यावा: कीटकनाशकं, शस्त्रं, साठलेल्या गोळ्या घरातून कोण हलवणार, कुठे ठेवणार, कधीपर्यंत. गोळ्या आठवड्याच्याच लिहाव्यात, आणि विशेषतः ॲमिट्रिप्टिलिनसारख्या जुन्या गोळ्या महिन्याभराच्या हातात देऊ नयेत. त्यांचा जास्त डोस हृदयावर घात करतो. रुग्णालयातून घरी सोडल्यानंतरचे पहिले दिवस फार नाजूक असतात, म्हणून सोडताना रुग्णालयाने फॅमिली डॉक्टरांना फोन करावा आणि समन्वयकाचा संपर्क दोन-तीन दिवसांत व्हावा.

आठवी पायरी: मनाच्या रुग्णाचं शरीर

स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर असलेल्या माणसांचं आयुर्मान इतरांपेक्षा बरंच कमी असतं आणि त्यातला मोठा वाटा हृदयविकार, मधुमेह, श्वसनाचे आजार यांचा आहे. तज्ज्ञांना वाटतं हे फॅमिली डॉक्टर बघत असतील, फॅमिली डॉक्टरांना वाटतं तो तज्ज्ञांचा रुग्ण आहे. म्हणून ओलान्झापिन, क्लोझापिन, क्वेटियापिन अशी औषधं सुरू करतानाच ठरवून टाकावं: वजन सुरुवातीला, मग ४, ८ आणि १२ आठवड्यांनी, रक्तदाब, उपाशीपोटीची साखर, चरबीची तपासणी सुरुवातीला, १२ आठवड्यांनी आणि पुढे दरवर्षी. तपासणी फॅमिली डॉक्टरांनी करावी, आकडा दोघांनाही जावा, आणि वजन सुरुवातीच्या पाच टक्क्यांहून जास्त वाढलं तर औषध बदलण्याचा विचार तज्ज्ञांनी करावा. लिथियमवर असलेल्यांची किडनी, थायरॉइड आणि कॅल्शियम सहा महिन्यांनी.

क्लोझापिनबाबत तीन गोष्टी. ताप किंवा घसादुखी आली तर अँटिबायोटिक लिहून मोकळं होऊ नये, त्याच दिवशी रक्तातल्या पांढऱ्या पेशी आणि त्यांतल्या न्यूट्रोफिल मोजाव्यात, कारण हे औषध त्या घटवू शकतं. बद्धकोष्ठता हलक्यात घेऊ नये. आतडं थांबून मृत्यू झालेले आहेत. आणि रुग्णाने सिगारेट सोडली तर आनंदाच्या भरात तज्ज्ञांना कळवायला विसरू नये, कारण धूर बंद झाला की क्लोझापिनची पातळी चढते आणि डोस कमी करावा लागतो.

छातीत दुखतंय असं सांगणाऱ्या मानसिक रुग्णाचा ईसीजी इतरांइतक्याच तत्परतेने काढला पाहिजे. 'चिंतेमुळे असेल' हे निष्कर्षाच्या जागी शेवटी यावं.

परत घेणं आणि थांबवणं

पीएचक्यू-९ पाचच्या खाली आली म्हणजे लक्षणं ओसरली. त्यानंतरही पहिल्या आजारपणात गोळी किमान सहा ते नऊ महिने चालू ठेवतात. आजार परत परत येत असेल तर दोन वर्षं किंवा जास्त. तज्ज्ञ रुग्णाला फॅमिली डॉक्टरांकडे परत सोपवतात तेव्हा तीन ओळी लिहून द्याव्यात: कोणत्या तारखेपर्यंत गोळी, ती कशी कमी करायची, आणि या रुग्णात आजार परततो तेव्हा सर्वांत आधी काय दिसतं. कुणाची पहाटे तीनला झोप मोडते, कुणी फोन घेणं बंद करतं. घरच्यांना ही खूण माहीत असावी. आणि परतायची वाट सोपी हवी: पुन्हा बिघडलं तर नव्या रुग्णासारखी रांग नको, समन्वयकाच्या एका फोनवर भेट मिळावी.

गोळी आठवड्यांनी-महिन्यांनी हळूहळू उतरवावी. एकदम बंद केल्यावर येणारी चक्कर, विजेसारखे झटके, चिडचिड यांना आजार परतला समजून पुन्हा पूर्ण डोस सुरू होतो. पॅरोक्सेटिन आणि व्हेन्लाफॅक्सिनमध्ये हे जास्त दिसतं.

सुरुवात लहान ठेवा

पहिल्या महिन्यात एक दवाखाना, एक तज्ज्ञ, एक समन्वयक आणि फक्त नैराश्याचे वीस रुग्ण. करार, पत्राचा नमुना आणि यादी एवढंच तयार करावं. दुसऱ्या महिन्यात आठवड्याची बैठक एकदाही चुकवू नये, रुग्ण कमी असले तरी. तिसऱ्या महिन्याच्या शेवटी चार आकडे काढावेत: पाठवलेल्यांपैकी किती जण तज्ज्ञांपर्यंत पोचले, किती पत्रांना आठवड्याच्या आत उत्तर आलं, किती जणांची पीएचक्यू-९ दुसऱ्यांदा झाली, आणि त्यांतल्या कितींचे गुण निम्म्यावर आले. पहिला आकडा पडला तर तिसरी पायरी तपासावी, दुसरा पडला तर तज्ज्ञांच्या वेळेचं पुन्हा बोलावं, तिसरा पडला तर समन्वयकावरचा भार पाहावा. चौथा एकटाच कमी असेल तर डोस वाढवायला उशीर होतोय का हे बैठकीत एकेका नावासमोर विचारावं. आणि यादीत ज्यांच्या नावापुढे तीस दिवसांत एकही संपर्क नाही, त्यांना त्याच दुपारी फोन लावावेत.